अर्वाचीन स्थापत्याचा वंशवृक्ष काढावा कसा ?

(१)

जुन्या कागदपत्रांचा व्यासंग करणाऱ्या मंडळींस वंशावळ ही वस्तु नवी नाहीं. इनामाचा तंटा असो, वतनाची वांटणी असो, कीं दत्तकाचा वाद असो, दप्तराच्या रुमालांत एखादी तरी वंशावळ सांपडतेच. आणि आमच्या रत्नागिरीकडील घराण्यांत तर कुलवृत्तांत छापून काढण्याची परंपराच पडून गेली आहे. मूळ पुरुष वर, त्याखालीं पुत्र, त्यांखालीं पौत्र, ही मांडणी आपल्या डोळ्यांस इतकी सवयीची झाली आहे कीं, ती मुळांत एक आकृति आहे, आणि कोणत्याही आकृतीप्रमाणें ती कांहीं दाखविते व कांहीं झांकते, याचें भान सहसा राहत नाहीं.

हीच आकृति गेल्या सुमारें सव्वाशें वर्षांत इमारतींच्या इतिहासासही लावण्यांत आली आहे. अर्वाचीन स्थापत्याचा, म्हणजे लोखंड, कांच व सिमेंट यांच्या युगांतील बांधकामाचा, इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांत झाडें, प्रवाह व बाण यांचीं चित्रें वारंवार येतात. कोणती शैली कोणापासून निघाली, कोणता स्थपति कोणाचा शिष्य, कोणती शाखा वठली व कोणती फोफावली, हें एका पानांत दाखविण्याचा त्यांचा हेतु असतो. अशा तीन प्रसिद्ध आकृती कोणत्या, पोथ्यांच्या संशोधनांत आपण जे नियम पाळतों ते त्यांस लावल्यास काय दिसतें, आणि त्या कसोटीवर आपल्या कोंकणांतील इमारतींची आकृति कशी काढतां येईल, एवढाच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. जी इमारत कोणत्याच आकृतींत येत नाहीं, तिचे नकाशे जपून ठेवावे असें कोणास वाटत नाहीं. आणि जिचे नकाशे उरले नाहींत, ती पुढें निघणाऱ्या आकृतींत येण्याचा संभव राहत नाहीं. आपल्या किनाऱ्यावरील गेल्या दीडशें वर्षांचीं बांधकामें आज नेमकीं या चक्रांत सांपडलीं आहेत.

(२)

आपल्या प्राचीनांस आकृतीचें वावडें नव्हतें. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत चौसष्ट पदांचें व एक्यायशीं पदांचें वास्तुपुरुषमंडल सांगितलें आहे, आणि मयमत, मानसार, समरांगणसूत्रधार इत्यादि ग्रंथ वाचणारांस त्याचा परिचय असतोच. परंतु हें मंडल पुढें बांधावयाच्या वास्तूसाठीं आहे. मागें बांधलेल्या वास्तूंचा इतिहास सांगण्यासाठीं नव्हे. इतिहासाचें काम आपल्याकडे आकृतीनें न करतां नांवांच्या मालिकेनें केलें. बृहदारण्यकोपनिषदांत गुरुपरंपरेच्या ज्या याद्या आल्या आहेत, त्यांस ‘वंश’ हेंच नांव आहे. तेथें पित्यापासून पुत्र असा क्रम नसून गुरूपासून शिष्य असा क्रम आहे. म्हणजे वंश हा शब्द रक्तापुरता मर्यादित नव्हता. पाणिनीनेंही विद्येचा संबंध व योनीचा संबंध हे दोन्हीं एकाच सूत्रांत एकत्र घेतले आहेत. आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या उपनिषदांतील शेवटच्या वंशांत अनेक आचार्यांचीं नांवें त्यांच्या मातेच्या नांवावरून दिलेलीं आहेत. आपल्या कुलवृत्तांतांतून कन्या व सासुरवास करणाऱ्या स्त्रिया बहुधा गळल्या. त्या प्राचीन यादींत माता राहिली. या भेदाचा उपयोग पुढें होणार आहे.

(३)

पहिली आकृति बॅनिस्टर फ्लेचर यांच्या स्थापत्येतिहासांतील वृक्षाची. हा ग्रंथ पितापुत्रांनीं मिळून १८९६ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केला व पुढें पुत्रानें त्याच्या अनेक आवृत्त्या काढल्या. वृक्षाचें चित्र या पुढील आवृत्त्यांतलें. झाडाला सहा मुळें आहेत: भूगोल, भूस्तर, हवामान, धर्म, समाज आणि इतिहास. खोडांतून ग्रीक, रोमन व त्यानंतरची यूरोपीय बांधणी अशी एकावर एक चढत जाते, आणि शेंड्याशीं अर्वाचीन काळ येतो. हिंदी, चिनी व जपानी, मेक्सिकोची, पेरूची वगैरे बांधणी खालच्या फांद्यांवर बसविली आहे. या फांद्या खोडापासून निघतात आणि तेथेंच संपतात. त्यांना पुढें पालवी नाहीं. १९०१ च्या चौथ्या आवृत्तींत ग्रंथकारानें सर्व शैलींचे ऐतिहासिक व अनैतिहासिक असे दोन वर्ग केले, व आपल्या बांधणीस दुसऱ्या वर्गांत टाकलें. ही संज्ञा नंतर टाकून देण्यांत आली. पण कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनीं तें झाड पाहूनच अभ्यास केला होता.

येथें रागावण्यापेक्षां आकृतीचा दोष नेमका कोठें आहे हें पाहणें अधिक उपयुक्त. सहा मुळांची कल्पना चांगली आहे. हवामान व दगड यांवांचून कोणतीही बांधणी समजत नाहीं. परंतु मुळें सहा आणि खोड मात्र एकच, असें ठरवून टाकल्यावर खोडांत न बसणारें सर्व आपोआप फांदी होतें. म्हणजे हा निर्णय पुराव्यानें केलेला नसून चित्रानें केलेला आहे. झाडाच्या फांद्या फुटल्यावर पुन्हा एकमेकींस मिळत नाहींत. त्यामुळें ज्यानें झाड काढलें त्यानें संकर नाकारलाच म्हणून समजावें. फार तर आपल्याकडील वटवृक्षाची उपमा घ्यावी: त्याची पारंबी भूमीस पोंचते, स्वतः खोड होते, आणि कांहीं काळानें मूळ खोड कोणतें हें सांगणें कठीण पडतें.

(४)

दुसरी आकृति न्यूयॉर्कच्या अर्वाचीन कलेच्या संग्रहालयाचे संचालक आल्फ्रेड बार यांची. १९३६ सालीं भरविलेल्या एका प्रदर्शनाच्या ग्रंथाच्या वेष्टनावर ती छापली होती. तिचा मुख्य विषय चित्रकला; पण अर्वाचीन स्थापत्यही तिच्यांत आलें आहे. दोन्हीं कडांस १८९० पासून १९३५ पर्यंतचीं सालें आहेत, काळ आपल्या वंशावळीप्रमाणें वरून खालीं उतरतो, आणि एका पंथापासून दुसऱ्या पंथाकडे बाण जातात. झाडाच्या मानानें ही मोठी सुधारणा होय: येथें एका पंथास दोन-तीन पूर्वज असूं शकतात, आणि सालें दिल्यामुळें वाचकास लेखकाचें म्हणणें तपासतां येतें.

तथापि या आकृतींत तांबड्या शाईनें जीं नांवें दिलीं आहेत तीं पाहावीं. जपानी छापचित्रें, पूर्वेकडील कला, आफ्रिकेंतील शिल्प, यंत्राचें सौंदर्य आणि खुद्द अर्वाचीन स्थापत्य हीं सर्व तांबड्या अक्षरांत, म्हणजे बाहेरून आलेलीं म्हणून दाखविलीं आहेत. यूरोपांतील कांहीं चित्रकारांचीं व्यक्तिशः नांवें येतात. आशिया व आफ्रिका यांस मात्र व्यक्ति नाहींत, समूह आहेत. ज्यांनीं पोथ्यांच्या पुष्पिका वाचल्या आहेत, त्यांच्या ध्यानांत ही गोष्ट लगेच येईल. लेखकाचें नांव नसलेली प्रत निनांवी असते ती बहुधा शेवटचें पान फाटल्यामुळें. लेखक नव्हता म्हणून नव्हे.

(५)

तिसरी आकृति चार्ल्स जेंक्स यांची. १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं विसाव्या शतकांतील स्थापत्याचे सहा प्रवाह कल्पिले व ते आडव्या कालरेषेवर शेजारी शेजारी वाहते दाखविले. प्रवाह कोठें फुगतो, कोठें बारीक होतो, आणि एकच स्थपति आयुष्याच्या निरनिराळ्या काळीं दोन प्रवाहांत दिसतो. त्या ग्रंथांत आकृति इ. स. २००० पर्यंत नेली होती, म्हणजे तींत भविष्यकथनही होतें. तें साल उजाडल्यावर, २००० मध्यें, जेंक्स यांनीं सबंध शतकाची नवी आकृति काढून प्रसिद्ध केली. आपलें भाकीत स्वतःच पुन्हा पाहणारे इतिहासकार विरळा. यांनीं तें केलें.

जेंक्स यांच्या सहा प्रवाहांपैकीं एक आपल्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. ज्या बांधकामास स्थपति नाहीं, जें गवंडी, सुतार व घरधनी मिळून रीतीप्रमाणें उभारतात, त्यास त्यांनीं ‘स्वतःची जाणीव नसलेला’ असा वेगळा प्रवाह दिला, आणि आपल्या भोंवतालच्या बांधकामाचा फार मोठा भाग त्यांतलाच असतो हें मान्य केलें. परंतु आकृतींत नांवें लिहावयाचीं म्हटल्यावर या प्रवाहांत लिहावयास नांवें थोडीं. सर्वांत मोठा प्रवाह सर्वांत रिकामा राहिला.

(६)

आतां पोथ्यांकडे वळूं. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम पुणें येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें. त्यांतील आदिपर्व डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं संपादिलें. तें १९३३ सालीं पुरें झालें. सुमारें साठ प्रतींचे पाठ ताडून त्यांनीं उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरांचा वंशवृक्ष मांडला, आणि त्याबरोबरच हा वृक्ष शुद्ध नाहीं, प्रती एकमेकींत मिसळल्या आहेत, असा स्पष्ट इशाराही दिला. या शास्त्राचे चार नियम इमारतींस जसेच्या तसे लागू पडतात.

पहिला नियम: दोन प्रतींत योग्य पाठ सारखा असला म्हणून त्यांचें नातें सिद्ध होत नाहीं, चूक सारखी असली तर होतें. योग्य पाठ दोघांनीं स्वतंत्रपणें राखला असेल. पण एकच विचित्र चूक दोघांच्या हातून स्वतंत्रपणें होणें संभवत नाहीं. इमारतींत चुकीच्या जागीं निरुपयोगी अलंकार घ्यावा. रत्नागिरीस वर्षाकांठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथील घराचें छप्पर उतरतें आहे आणि केरळांतील घराचेंही उतरतें आहे, एवढ्यावरून दोघांचा एक पूर्वज ठरत नाहीं. तो पावसानें दोघांस शिकविलेला धडा आहे. उलट, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर १९३० नंतर जीं घरें उठलीं त्यांच्या भिंतींवर वेगाचा भास करणारे आडवे पट्टे काढलेले दिसतात. या पट्ट्यांनीं पाऊस अडत नाहीं, ऊन अडत नाहीं. तसाच पट्टा कोंकणांतील एखाद्या गांवच्या घरावर आढळला, तर तें घर बांधणारा चाकरमानी मुंबईस काय पाहून आला होता हें शोधणें रास्त ठरेल.

दुसरा नियम: प्रत जुनी म्हणून श्रेष्ठ, असें नाहीं. अलीकडची नक्कल फार जुन्या आदर्शावरून झालेली असूं शकते. गेल्या पन्नास वर्षांत बांधलेल्या घराची आंखणी, म्हणजे पडवी, ओटी, माजघर यांचा क्रम, कधीं कधीं शंभर वर्षांपूर्वींच्या बंगल्यापेक्षां जुनी परंपरा राखून असते.

तिसरा नियम: हरवलेल्या प्रतीसही वृक्षांत जागा द्यावी. संपादक तिला सांकेतिक अक्षर देतो. ती सांपडली नाहीं म्हणून ती नव्हतीच असें धरीत नाहीं. स्थापत्याच्या ज्या आकृती वर पाहिल्या त्यांत पाडलेल्या इमारतींसाठीं असें एकही चिन्ह नाहीं.

चौथा नियम: पाठसंकर तुटक रेघेनें दाखवावा. सरळ वंश अखंड रेघेनें, शेजारच्या प्रतीवरून केलेली दुरुस्ती तुटक रेघेनें. ही शिस्त पाळली तर झाडाचा मूळ दोष पुष्कळसा दूर होतो.

(७)

एवढ्यानें भागत नाहीं; कारण प्रतीस एकच जनक असतो, तो म्हणजे नक्कल करणारा लेखक, आणि इमारतीस मात्र अनेक. म्हणून रेघा कोणत्या जातीच्या, हें आधीं ठरविलें पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या मतें चार जाती पुरतात: विद्येची रेघ, म्हणजे गुरु व शिष्य, द्रव्याची रेघ, म्हणजे दगड, कौल, लोखंड, सिमेंट कोठून आलें, आश्रयाची रेघ, म्हणजे पैसा कोणाचा व काम कोणासाठीं, आणि हातांची रेघ, म्हणजे गवंडी, सुतार व कंत्राटदार कोण. यूरोपीय आकृती बहुधा पहिलीच रेघ काढतात. उरलेल्या तिन्हींस इमारतीचा मातृपक्ष म्हणावें. कुलवृत्तांतांतल्याप्रमाणें येथेंही तोच गळला आहे.

रक्ताची रेघ मात्र या चारांत घेतलेली नाहीं. तिचें कारण मुंबईंतील एका पितापुत्रांच्या उदाहरणावरून कळेल. बोरीबंदरचें स्टेशन, म्हणजे आजचें छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या योजनेवरून १८७८ ते १८८८ या काळांत उभें राहिलें. टोकदार कमानी, मनोरे, घुमट, पशुपक्ष्यांचीं कोरीव कामें, असा त्याचा थाट. त्यांचे पुत्र चार्ल्स स्टीव्हन्स यांनीं १९३३ सालीं उघडलेलें रीगल चित्रपटगृह योजिलें. त्यांत सपाट भिंती, सरळ रेघा, सिमेंटची घडण. रक्त एक, धंदा एक, शहर एक; परंतु शैलींच्या वृक्षांत ही दोन घरें परस्परांपासून दूरच्या फांद्यांवर बसतात. या दोन्हीं शैलींच्या मुंबईंतील समूहास युनेस्कोनें २०१८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत एकत्रच घेतलें, तें योग्यच झालें. कारण मैदानाच्या एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस दुसरी, अशीं तीं घरें समोरासमोर उभीं आहेत, आणि एकाच शहराच्या पैशानें उभीं राहिलीं आहेत. आश्रयाची रेघ काढली तर तीं जवळ येतात. शैलीची काढली तर दूर जातात.

(८)

आतां एक उदाहरण सविस्तर घेऊं, आणि तें आपल्याच जिल्ह्यांतलें घेऊं. अच्युत पुरुषोत्तम कानविंदे यांचा जन्म १९१६ सालीं आचरें येथें झाला. रामेश्वराच्या देवस्थानामुळें प्रसिद्ध असलेलें हें गांव तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यापासून तें त्यांत मोडतें. स्वतंत्र भारताच्या पहिल्या पिढींतील अग्रगण्य स्थपतींत कानविंदे यांची गणना होते. १९७४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २००२ सालीं ते वारले.

प्रचलित आकृतींत कानविंदे यांच्याकडे एकच ठळक बाण येतो. वाल्टर ग्रोपियस यांनीं १९१९ सालीं जर्मनींतील वायमार येथें बाउहाउस नांवाची शाळा काढली. पुढें ते अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठांत गेले. कानविंदे यांस सरकारनें १९४५ सालीं तेथें शिकावयास पाठविलें, व ते १९४७ सालीं परत आले. म्हणून ग्रोपियसपासून कानविंदे, अशी रेघ. ही रेघ खोटी नाहीं. अहमदाबाद येथील कापडधंद्याच्या संशोधनसंस्थेची, म्हणजे ‘अटिरा’ची, १९५४ च्या सुमाराची इमारत पाहिली कीं ती खरी वाटते. परंतु वर सांगितलेल्या चार जातींच्या रेघा भरूं लागलों म्हणजे चित्र पुढीलप्रमाणें होतें.

(अ) विद्या. हार्वर्डपूर्वीं कानविंदे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकले. ही शाळा १८५७ पासूनची. स्थापत्याचे तेथील प्रमुख क्लॉड बॅटली हे इंग्रज गृहस्थ विद्यार्थ्यांकडून जुन्या हिंदी इमारतींचीं प्रत्यक्ष मापें घेऊन नकाशे काढवीत. म्हणजे विद्येच्या रेघा दोन. आणि त्यांपैकीं पहिली, इंग्रज गुरूच्या हातून कां होईना, परत हिंदी वाड्यांकडे व देवळांकडे जाते. हीच ती पारंबी.

(आ) आश्रय. परत आल्यावर कानविंदे यांनीं सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख स्थपति म्हणून काम केलें. प्रयोगशाळा बांधावयाची असल्यानें भिंत कशासाठीं व खिडकी कोठें, याचा विचार आधीं करावा लागे. त्यांच्या रचनांतील काटकसर ग्रोपियसची जितकी, तितकीच नव्या राज्याच्या तिजोरीची.

(इ) द्रव्य. कानपूरच्या तंत्रशास्त्र संस्थेच्या १९६० च्या दशकांतील इमारतींत उघड्या काँक्रीटची चौकट व तींत विटांच्या भिंती आहेत. काँक्रीटचा मार्ग यूरोपकडे जातो. वीट मात्र गंगेच्या कांठच्या मातीची. महेसाणा येथील दूधसागर दुग्धालयाच्या माथ्यावर गरम हवा बाहेर घालविण्यासाठीं उभारलेले धुरांड्यासारखे मनोरे हेंच त्या इमारतीचें रूप झालें आहे. तें हवामानानें व यंत्रानें दिलेलें.

(ई) हात. येथें लिहावयास नांवें नाहींत. म्हणून सुखठणकरांच्या पद्धतीप्रमाणें लुप्त प्रतीचें चिन्ह घालावें. रकाना मोकळा सोडूं नये.

शेवटीं, याच कानविंदे यांनीं दिल्ली येथील इस्कॉनचें, १९९८ सालीं उघडलेलें, शिखरयुक्त मंदिर योजिलें. एका बाणाच्या आकृतींत हें मंदिर कोठेंच बसत नाहीं, व टीकाकारास तो स्खलनाचा प्रकार वाटतो. चार रेघांच्या आकृतींत त्याची उपपत्ति लागते: आश्रय बदलला, आणि बॅटलीच्या वर्गांतील जुनी विद्या पुन्हा पुढें आली. आकृति चांगली कीं वाईट याची परीक्षा अशाच ठिकाणीं होते. अपवाद म्हणून टाकून दिलेली गोष्ट जिच्यांत बसते ती चांगली.

पुणें येथें १९२७ सालीं जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांचेंही असेंच. ते जे. जे. शाळेंत शिकले, १९५१ पासून पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याजवळ राहिले, आणि पुढें अहमदाबादेस लुई कान यांच्याबरोबर त्यांनीं काम केलें. दोन गुरूंच्या दोन रेघा एकाच शिष्यांत मिळाल्या. झाडाच्या आकृतींत हें दाखवितांच येत नाहीं.

(९)

आतां रत्नागिरी शहर. येथील पतितपावन मंदिर १९३१ सालीं उघडलें. सावरकर रत्नागिरींत स्थानबद्ध असतांना त्यांच्या प्रेरणेनें तें झालें, आणि खर्च भागोजीशेठ कीर यांनीं केला. शैलीच्या आकृतींत हें मंदिर ‘परंपरागत’ या सदरांत एका शब्दांत संपेल. परंतु देवळाच्या गाभाऱ्यापर्यंत कोणी जावें याचा नियम बदलणें ही मांडणींतलीच क्रांति आहे. कारण देवळाचे उंबरठे, मंडप व अंतराळ हे कोणी कोठवर यावें याच्याच मर्यादा सांगत आले होते. सर्व जातींच्या हिंदूंस मुक्त प्रवेश देणारें देऊळ हें, त्याचें शिखर कसेंही असो, अर्वाचीन होय. आश्रयाची रेघ नसलेल्या आकृतीस ही अर्वाचीनता दिसणार नाहीं. स्वतः भागोजीशेठ हे रत्नागिरीचे, भंडारी समाजांतले, गरिबींतून वर येऊन मुंबईस कंत्राटदार म्हणून नांवारूपास आलेले गृहस्थ. स्थपतींच्या कोणत्याही वृक्षांत अशा पुरुषास फांदी नाहीं. पण मुंबईच्या बांधकामाची हातांची रेघ काढूं लागल्यास ती कोंकणांत येऊन पोंचल्याशिवाय राहत नाहीं.

थिबा राजवाड्याचें उदाहरण याच्या उलट आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा यास १८८५ सालीं पदच्युत करून पुढें रत्नागिरीस आणून ठेवलें. १९१० सालीं तो या वाड्यांत राहावयास आला व १९१६ सालीं येथेंच वारला. येथें राहणारा मंडालेचा, खर्च करणारें सरकार इंग्रजांचें, आणि भूमि कोंकणची. राजाच्या चरित्रावरून वाड्याकडे मंडालेहून बाण काढण्याचा मोह होतो. तो आवरावा, आणि निरुपयोगी पण सारखा असा एखादा अवयव दोन्हीं ठिकाणीं दाखवितां आला तरच रेघ काढावी. वास्तव्य हा वंश नव्हे.

राहिलीं साधीं घरें. जांभ्याचा चिरा ही येथल्या भूमीची देणगी. छपराचें कौल मात्र बाहेरचें. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनीं १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला, आणि यंत्रावर दाबलेलें तें कौल समुद्रमार्गानें किनाऱ्यावरील बंदरोबंदरीं गेलें. या कौलावर कारखान्याचें नांव उठविलेलें असतें. ती त्या कौलाची पुष्पिकाच होय. तीवरून छपराच्या काळाची पूर्वमर्यादा ठरवितां येते. पुढें १९१४ सालीं पोरबंदर येथें सिमेंट होऊं लागलें, व कांहीं दशकांत चिऱ्याच्या भिंतीवर सपाट गच्ची आली. कौल, सिमेंट व गच्ची यांच्या द्रव्यरेघा काढल्या तर कोंकणांतील शेंकडों निनांवी घरांस स्थपतीच्या नांवावांचूनही इतिहासांत जागा मिळते. जेंक्स यांच्या रिकाम्या राहिलेल्या प्रवाहांत पाणी भरावयाचें तें याच मार्गानें.

(१०)

यावरून संग्राहकांच्या कर्तव्याविषयीं थोडें लिहून लेख पुरा करतों. घर पाडतांना माळ्यावरच्या पोथ्या आतां बहुधा वांचतात. त्यांचें मोल लोकांस कळलें आहे. परंतु त्याच पेटींतला निळ्या कागदावरचा नकाशा, गवंड्याशीं केलेला करार, चिरे व लांकूड यांच्या खरेदीचा जमाखर्च, नगरपालिकेच्या परवानगीचा कागद, हे सर्व रद्दींत जातें. पोथीची दुसरी प्रत अन्यत्र सांपडण्याचा संभव असतो. घराच्या जमाखर्चाची प्रत एकच. पन्नास-शंभर वर्षांपूर्वींचे हे कागद आपल्या दृष्टीस अजून ‘जुने’ वाटत नाहींत, हीच अडचण आहे. आणि ते जुने वाटूं लागतील तेव्हां ते राहिलेले नसतील.

तरी वाचकांनीं पुढील गोष्टी कराव्या अशी विनंति आहे. पाडावयाच्या घराची आंखणी पावलांनीं मोजून का होईना, कागदावर घ्यावी. कौलावरील नांव, तुळईवरील कोरलेलें साल, फरशीवरील छाप हीं शिलालेखाप्रमाणें उतरून ठेवावीं. गवंडी व सुतार यांचीं नांवें वृद्धांस विचारून, सांगणाऱ्याच्या नांवासह नोंदवावीं. आणि अशा नोंदींवरून कोणी आकृति काढील तेव्हां प्रत्येक रेघेस क्रमांक देऊन, ती कोणत्या कागदाच्या आधारें काढली हें खालीं लिहावें. जेथें आधार अनुमानाचा असेल तेथें रेघ तुटक ठेवावी. वंशावळ कोर्टांत दाखल होते तेव्हां प्रत्येक पिढीस पुरावा मागतात. इमारतीच्या वंशावळीस त्याहून सवलत देण्याचें कारण नाहीं.

फ्लेचर यांच्या वृक्षांत आपली फांदी कां खुंटली याचा खेद आपण पुष्कळ केला. ती पुढें वाढली होती, हें दाखविणारे कागद मात्र आपल्याच माळ्यांवर आहेत. ते हातीं असेपर्यंत रेघ काढतां येईल.